एका आकड्याचे एकच घर

श्रोतेहो, बाजारात धान्य घेताना आज आपण किलोचा भाव विचारतो. किलो म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही. पूर्वी तसे नव्हते. आपल्याकडे मण होता, पण तो कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळा पायल्यांचा. शेर होता, पण कच्चा की पक्का, हे आधी विचारून घ्यावे लागे. नाव एकच आणि त्यामागचा आकडा मात्र पेठेपेठेला वेगळा. एका पेठेतला हिशेब दुसऱ्या पेठेत नेला की तो बिनसायचा, आणि त्याचा भुर्दंड बहुधा माल आणणाऱ्या शेतकऱ्याला बसायचा.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने आधी निवडक भागांत आणि मग टप्प्याटप्प्याने देशभर आली. पण नुसत्या कायद्याने हे काम झाले नाही. किलोग्रॅमच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ठेवण्यात आली. तिच्यावरून खालची वजने पडताळायची, त्यांच्यावरून निरीक्षकाची, आणि निरीक्षकाच्या वजनांवरून दुकानातली. दुकानदाराने शेजारच्या दुकानातले वजन पाहून आपले वजन घडवायचे नाही, असा त्यातला दंडक. प्रती कितीही असोत, त्यांचे मूळ एक.

आजचा विषय वजनांचा नाही, संगणकांचा आहे. पण पेठेतला तो जुना घोटाळा संगणकांच्या जगात पुन्हा उभा राहिला, आणि त्यावर शोधलेला उपायही पुष्कळसा तसाच निघाला. तो इतिहास थोडक्यात सांगायचा आहे.

आधी दोन शब्दांचा अर्थ पाहू. संगणकाला करायच्या कामाच्या सूचना ओळीने लिहून द्याव्या लागतात. या लिखाणाला प्रोग्राम म्हणतात. प्रोग्राममध्ये काही आकडे सतत बदलतात, जसे खात्यातली शिल्लक किंवा आजचे तापमान. काही आकडे मात्र ठरलेले असतात. वर्तुळाचा परीघ काढताना लागणारा पाय, एका तासाचे ३६०० सेकंद, किंवा अमुक क्रमांक म्हणजे अमुक प्रकारचे तिकीट. अशा ठरलेल्या आकड्याला स्थिरांक म्हणतात. हा शब्द शिक्षकमंडळींच्या परिचयाचा आहेच.

दुसरी गोष्ट भाषांची. प्रोग्राम लिहिण्याच्या भाषा अनेक आहेत. शास्त्रीय आकडेमोडीसाठी १९५७ साली फोर्ट्रान आली, व्यापारी हिशेबांसाठी १९६० साली कोबोल आली. पुढे १९७० नंतर सी, १९९१ साली पायथन, १९९५ साली जावा आणि जावास्क्रिप्ट. प्रत्येकीचे काम वेगळे आणि लिहिण्याची रीत वेगळी. एकीत लिहिलेले दुसरीच्या यंत्रणेला सहसा वाचता येत नाही. आपल्याकडे एकाच वाड्यात एक वही मोडीत, दुसरी बाळबोधीत आणि तिसरी इंग्रजीत असावी, तसेच म्हणा ना.

आता अडचण कुठे येते ती बघा. समजा, एका बससेवेत वाहकाच्या हातातले तिकीटयंत्र एका भाषेतल्या प्रोग्रामवर चालते आणि मुख्य कचेरीतला हिशेब दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रामवर. यंत्र तिकिटाचा प्रकार शब्दांत पाठवत नाही, आकड्यात पाठवते. पूर्ण तिकीट १, विद्यार्थी २, ज्येष्ठ नागरिक ३. ही यादी दोन्ही ठिकाणी हाताने लिहिलेली आहे. वर्षभराने कचेरीत कुणी तरी मध्येच एक नवा प्रकार घातला आणि तिथे ज्येष्ठ नागरिक ४ झाला. यंत्रात तो ३ च राहिला. आता कुठलाही प्रोग्राम बंद पडत नाही, कुठलीही घंटा वाजत नाही. यंत्र बरोबर, कचेरीही बरोबर, आणि हिशेब मात्र चूक. अशी चूक पकडायला फार अवघड, कारण दोन्ही वह्या वेगवेगळ्या पाहिल्या तर दोन्ही शुद्ध दिसतात.

ही अडचण मोठ्या प्रमाणावर प्रथम जाणवली ती १९५० च्या दशकात अमेरिकेत. आकाशातून येणाऱ्या विमानांवर नजर ठेवण्यासाठी तिथे ‘सेज’ नावाची संरक्षणव्यवस्था उभी राहिली. ठिकठिकाणच्या रडारांची माहिती टेलिफोनच्या तारांवरून मोठमोठ्या संगणकांकडे यायची. १९५८ साली तिचे पहिले केंद्र न्यू जर्सी राज्यात सुरू झाले. तिचे प्रोग्राम एकट्यादुकट्याने लिहिलेले नव्हते. शेकडो माणसे त्यावर खपत होती. विमानाची उंची संगणकाच्या स्मृतीत कुठे ठेवायची, किती जागेत आणि कुठल्या एककात, हे प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवले असते तर सारा गोंधळ झाला असता.

म्हणून तिथे एक सामाईक नोंदवही केली गेली. तिला ते ‘कॉमपूल’ म्हणत. कुठल्या माहितीचे नाव काय, तिची जागा कोणती, तिचे स्वरूप काय, हे सर्व या वहीत एकदाच लिहायचे. प्रत्येक प्रोग्रामने ते तिथून घ्यायचे. १९५९ साली ज्यूल्स श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जोव्हियल’ नावाची संगणकभाषा रचली, आणि तिच्यात ही सामाईक वही वापरण्याची सोयच करून ठेवली. म्हणजे पाहा, आपल्याकडे बाजारात नवी वजने येत होती, जवळजवळ त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे आकड्यांना एक घर देण्याचे काम चालले होते.

कोबोल भाषेने हाच विचार व्यापारी जगात नेला. कोबोलच्या प्रोग्रामचे चार विभाग असतात. माहितीचे वर्णन एका विभागात, आणि करायच्या कामाच्या सूचना दुसऱ्या विभागात. शिवाय एकदा लिहून ठेवलेले वर्णन दुसऱ्या प्रोग्राममध्ये जसेच्या तसे ओढून आणण्यासाठी ‘कॉपी’ हा एक शब्दच त्या भाषेत आहे. बँकेतले पन्नास प्रोग्राम खातेदाराच्या नोंदीचे एकच वर्णन वापरू शकतात ते त्यामुळे.

पुढे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडवली. १९७२-७३ च्या सुमारास तिच्यात दोन लहानशा सोयी आल्या. आकड्याला नाव देणे ही एक, आणि एका फाईलमधला मजकूर दुसरीत सामावून घेणे ही दुसरी. त्यातून रीत पडली ती अशी: ठरलेले आकडे एका वेगळ्या फाईलमध्ये लिहायचे आणि ज्याला लागतील त्याने ती फाईल सामावून घ्यायची. आजही जगातली असंख्य यंत्रे याच रीतीने लिहिलेल्या प्रोग्रामांवर चालतात.

पण या साऱ्या सोयी एकेका भाषेच्या उंबरठ्याआतल्या होत्या. सीची फाईल कोबोलच्या प्रोग्रामला उपयोगाची नाही आणि कोबोलची सीला नाही. एका घरातली वजने सारखी झाली, घराघरांतली झाली नाहीत. दोन भाषांतले प्रोग्राम एकमेकांशी बोलू लागले, की आकडे पुन्हा हातानेच उतरवून घेतले जात. आणि उतरवलेली प्रत मूळ प्रतीपासून हळूहळू दूर जाते. जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांवर ज्यांनी काम केले आहे त्यांना हे सांगायला नको.

याची किंमत किती मोठी असू शकते, याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले १९९१ सालचे, आखाती युद्धातले. सौदी अरबस्तानातल्या दहरान इथे अमेरिकेची ‘पॅट्रियट’ ही क्षेपणास्त्रविरोधी तोफमालिका होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचा. त्या मोजणीला एक दशांशाने गुणले की सेकंद मिळतात. किती सोपे! पण एक भागिले तीन आपण दशांशात लिहू लागलो तर ०.३३३ असे ते संपतच नाही. तसाच एक दशांश हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिला तर संपत नाही. तो २४ अंकांवर तोडलेला होता. राहिलेली चूक मोजलेल्या प्रत्येक दहाव्या भागामागे सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढी. पण यंत्र सलग शंभर तास चालू होते. शंभर तासांत सेकंदाचे दहावे भाग होतात छत्तीस लाख. कोटीवा भाग गुणिले छत्तीस लाख, म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढ्या वेळात येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते.

आता यातला आपल्या विषयाचा भाग. वेळेचे अधिक अचूक रूपांतर करणारा भाग या प्रोग्राममध्ये घालण्यात आला होता. पण तो काही ठिकाणी घातला, सर्व ठिकाणी घातला नाही. शाळेतली दोन्ही घड्याळे पाच मिनिटे मागे असली तरी तासिका पंचेचाळीस मिनिटांचीच भरते. पण सुरुवात मागे पडलेल्या घड्याळावर पाहिली आणि शेवट दुरुस्त केलेल्या घड्याळावर, की तासिका पन्नास मिनिटांची दिसते. तिथे तसेच झाले. एकाच आकड्याची दोन रूपे एका यंत्रात नांदत होती. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आलेले क्षेपणास्त्र पॅट्रियटने अडवले नाही. ते सैनिकांच्या निवाऱ्यावर पडले आणि २८ सैनिक ठार झाले. दुरुस्त प्रोग्राम दहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी.

दुसरे उदाहरण मंगळाचे. ११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेने ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाकडे पाठवले. वाटेत यानाचे छोटे झोत अधूनमधून पेटवावे लागत. त्या प्रत्येक वेळी यानाला किती धक्का बसला, याचा आकडा जमिनीवरचा एक प्रोग्राम एका फाईलमध्ये लिहायचा. तो लिहायचा पौंडांच्या इंग्रजी मापात. ती फाईल वाचून मार्ग ठरवणारी मंडळी मात्र तो आकडा न्यूटनच्या दशमान मापातला समजत होती, कारण करार तसा होता. दोन मापांतले प्रमाण ४.४५. नऊ महिने ही चूक साचत गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाजवळ पोहोचले ते ठरलेल्या सुमारे २२६ किलोमीटरऐवजी सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून. इतक्या खालच्या वातावरणात ते टिकणे शक्य नव्हते. त्याचा संदेश पुन्हा आला नाही.

ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ‘मीटर आणि फूट यांचा घोटाळा’ म्हणून ती सांगितली जाते. पण तिच्यात आणखी एक बारकावा आहे. या आधीच्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानासाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ४.४५ हा आकडा बरोबर घातलेला होता. मात्र तो सूत्राच्या पोटात नुसता बसवलेला होता. त्याला ठळक नाव नव्हते, शेजारी नजरेत भरेल अशी टीप नव्हती. नव्या यानाचे झोत वेगळ्या आकाराचे, म्हणून सूत्र बदलले गेले, आणि त्या बदलात हा निनावी आकडा निसटला. ज्यांनी तो मुळात घातला त्यांना त्याचे महत्त्व ठाऊक होते. ते ज्ञान माणसांबरोबर गेले. कागदावर उरले नाही.

मग उपाय काय? तो दोन वाटांनी आला.

पहिली वाट नोंदवहीची. संगणक एकमेकांना तारांनी जोडले जाऊ लागले तेव्हा कुठले काम कुठल्या क्रमांकाच्या दारावर करायचे, हे ठरवण्याची गरज पडली. १९७२ च्या मे महिन्यात जॉन पोस्टेल या तरुण संशोधकाने सुचवले, की हे क्रमांक कुणी तरी एकाने नोंदून ठेवावेत आणि सर्वांनी त्याला विचारून घ्यावेत. ते काम पुढे त्याच्याकडेच आले, आणि १९९८ साली मृत्यू येईपर्यंत तो ते सांभाळत राहिला. टपालाचे दार २५, वेबपानांचे दार ८०, अशी ती यादी. तुमचा प्रोग्राम जावात असो की पायथनमध्ये, पुण्यात असो की पॅरिसमध्ये, दार २५ म्हणजे टपाल. १९९४ पर्यंत ही यादी वेळोवेळी पत्रकाच्या रूपाने निघत असे. पण पत्रक निघते तोच जुने होते, म्हणून नंतर ती कुणालाही केव्हाही पाहता येईल अशा चालू नोंदवहीत ठेवली गेली.

दुसरी वाट यंत्राकडून प्रती काढवून घेण्याची. ठरलेले आकडे आणि नोंदींचे आराखडे कुठल्याच एका प्रोग्रामभाषेत लिहायचे नाहीत. ते एका साध्या, तटस्थ भाषेत लिहायचे. मग एक साधन तो मजकूर वाचते आणि सीसाठी सीची, जावासाठी जावाची, पायथनसाठी पायथनची प्रत तयार करते. प्रतीच्या माथ्यावर बहुधा सूचना असते, की ही यंत्राने काढलेली प्रत आहे, हाताने बदलू नका. सन कंपनीने १९८७ साली अशी एक पद्धत प्रसिद्ध केली. गूगलने आपल्या घरात वापरलेली ‘प्रोटोकॉल बफर्स’ ही पद्धत २००८ साली सर्वांना खुली केली. तिच्यातला एक दंडक मुख्याध्यापकांना लगेच पटेल. एखाद्या नोंदीचा क्रमांक रद्द झाला, तर तो दुसऱ्या नोंदीला द्यायचा नाही. विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी त्याचा जनरल रजिस्टरमधला नंबर आपण दुसऱ्याला देतो का? नाही देत. जुना दाखला वीस वर्षांनी परत येऊ शकतो, हे आपल्याला माहीत असते. जुने प्रोग्रामही तसेच परत येतात.

आणि आता आपल्या मराठीची गोष्ट, कारण ती याच इतिहासाचा भाग आहे. संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. ‘क’ म्हणजे कितवा क्रमांक, हाही एक स्थिरांकच. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा अक्षरवळणे तयार करणाऱ्यांनी आपापले क्रमांक ठरवले. एका वळणातला मजकूर दुसऱ्या वळणात उघडला की ‘शाळा’च्या जागी भलतीच चिन्हे उमटत. मजकूर हरवलेला नसे, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या घरी असे. कच्चा शेर आणि पक्का शेर यांचाच हा नवा अवतार.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सरकारी सूची १९८८ साली आली, आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतलेली आहे. देवनागरीला २३०४ पासून १२८ जागा मिळाल्या. ‘क’ २३२५, ‘ळ’ २३५५. आणि हे क्रमांक राहतात कुठे? एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, एका ओळीत एक अक्षर, अशा रीतीने. सी, जावा, पायथन, फोनची यंत्रणा, साऱ्यांची अक्षरांची कोष्टके तिथूनच काढली जातात. आपण मोबाईलवर लिहिलेले ‘आई’ दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवर ‘आई’च उमटते ते यामुळे.

हा दंडक सहज पाळला गेला असेही नाही. १९९६ साली युनिकोडमध्ये कोरियन अक्षरांचा मोठा गठ्ठा एका जागेवरून दुसरीकडे हलवला गेला आणि त्याचा बराच त्रास झाला. तेव्हापासून नियम पक्का झाला, की एकदा दिलेला क्रमांक हलणार नाही. भर मात्र पडू शकते. ‘ॲप’ किंवा ‘ॲसिड’ लिहिताना लागणारा मराठीतला ‘ॲ’ सुरुवातीला त्या यादीत नव्हता. तो २००८ साली २४१८ या क्रमांकावर आला. रुपयाचे नवे चिन्ह सरकारने २०१० च्या जुलैत स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याला ८३७७ हा क्रमांक मिळाला. एका ठिकाणी नोंद झाली की जगभरच्या यंत्रांना ती घेता येते.

मग सगळेच आकडे एकत्र आणून ठेवावेत काय? नाही, इथेही विवेक हवा. समजा, उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात आणि वर्गातली मुलेही ३५ आहेत. म्हणून दोन्ही आकड्यांना एकच नाव दिले, तर एका मुलाने नाव काढताच पास व्हायला ३४ गुण पुरतील! आकडा सारखा असणे वेगळे आणि अर्थ एक असणे वेगळे. शिवाय काही आकडे निसर्गाचे किंवा गणिताचे असतात, ते बदलत नाहीत. काही ठरावाचे असतात, ते बदलायचे नाहीत असे आपण ठरवलेले असते. आणि कराचा दर, महागाईभत्ता यांसारखे काही आकडे आज आहेत, उद्या बदलतील. तिसऱ्या प्रकारच्या आकड्याशेजारी तो कधीपासून लागू, ही तारीखही लिहिली पाहिजे. नाही तर मागच्या वर्षीचे बिल या वर्षीच्या दराने निघायचे.

सामाईक वहीचे ओझेही असते. ती सर्वांची, म्हणून कुणा एकाला मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. विचारावे लागते, थांबावे लागते. घाईच्या माणसाला ते जाचक वाटते आणि तो आपली एक खासगी प्रत करून घेतो. वर सांगितलेल्या पुष्कळ चुका अशाच जन्माला येतात. पोस्टेलने पंचवीसहून अधिक वर्षे केले ते काम वरवर पाहता कारकुनी होते. पण त्या कारकुनीवर जगाचा टपालव्यवहार उभा राहिला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांपैकी कितीतरी जण पुढे प्रोग्राम लिहितील. संगणक शाळेत असो वा नसो, त्यांना एक सवय आजच लावता येईल. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या वहीत ९.८ असा नुसता आकडा आला, तर तिथे थांबवून तीन प्रश्न विचारा. याचे नाव काय? याचे एकक काय? हा तू कुठून घेतलास? उत्तर मुलाला वहीत आकड्याशेजारीच लिहू द्या. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’साठी लिहिलेल्या त्या सूत्रात ४.४५ या आकड्याशेजारी एवढेच लिहायचे राहून गेले होते.